साबुदाण्याचं पाकीट ओढायला किती पाणी लागतं? घर्षण कमी करायचा घरगुती प्रयोग, आकड्यांसकट

भाची सहावीला आहे. सामान्य विज्ञानात बलाचे प्रकार येतात, त्यात घर्षण बल, आणि शाळेतून सांगितलं होतं की घरी एक प्रयोग करून वहीत लिहून आणा. ही पोरगी काय करते तर आधी निष्कर्ष लिहून मोकळी, "तेल लावल्याने घर्षण कमी होते", खाली बाईंच्या सहीला जागा पण सोडली, आणि मग मला म्हणते मामा आता प्रयोग सांग. मी नाशिकच्या अंबडला एका वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सला आहे, दिवसभर माझा संबंध ग्रीस, ऑईल आणि जाम झालेल्या बेरिंगांशी, म्हटलं बाळा आधी करू मग लिहू. डिसेंबरातला रविवार होता, सकाळी सातला आमच्या सिडकोतल्या घरात फरशीवर पाय ठेववत नव्हता, आणि झालं काय तर खोबरेल तेल लावल्यावर घर्षण वाढलं. कमी नाही, वाढलं. वहीतला निष्कर्ष खोडावा लागला आणि मग आम्ही दोघं जे पेटलो ते पुढचे तीन रविवार हेच चालू होतं. ते सगळं इथे क्रमाने लिहितोय, चुकांसकट, कारण अर्ध्याहून जास्त शिकणं चुकांमधूनच झालं.

एक अट मात्र पाळा. नुसतं "बघ किती छान सरकतंय" असं करायचं नाही, प्रत्येक वेळी आकडा काढायचा. डोळ्याला सगळंच सरकतं, पण पावडरने किती आणि मेणाने किती हे आकड्याशिवाय कळत नाही.

सामान

सनमायका लावलेला प्लायचा एक तुकडा, साधारण १५ बाय ७ सेंटिमीटर. फर्निचरचं काम करणाऱ्याकडे असले तुकडे कोपऱ्यात पडलेलेच असतात, मागितले की देतो, फक्त सनमायका कुठे उचकटलेला नाही ना आणि कडेला धस नाही ना ते बघून घ्या, आणि शक्य असेल तर त्याच पट्टीतून एक अर्ध्या रुंदीचा तुकडा पण कापून आणा, पुढे लागणार आहे. मोठ्या तुकड्याच्या कडेला एक छोटा हुक किंवा खिळा, जितका खाली बसेल तितका बरा. वजनासाठी अर्ध्या किलोचं साबुदाण्याचं पाकीट. साबुदाणाच का, तर घरात तेच न फोडलेलं पाकीट होतं, तुम्ही काहीही घ्या, फक्त वजन माहीत पाहिजे.

एक लिटरची पाण्याची बाटली अर्ध्यातून कापून तिची बादली करा, वरच्या कडेला समोरासमोर दोन भोकं पाडून दोऱ्याची कडी. दोरा साधा सुती, दुहेरी करून. घरात संक्रांतीचा नायलॉन मांजा पडला असेल तर तो नको, त्याला बंदी आहे आणि हात कापतो. दोऱ्याची रिकामी रीळ एक, सायकलचा जुना आरा एक, औषधाची १० मिलीची सिरिंज सुईशिवाय, मोजायचा कप, आणि खाली अंथरायला जुना टॉवेल.

वजनकाटा लागत नाही, हीच या प्रयोगातली गंमत आहे. १ मिली पाणी म्हणजे १ ग्रॅम. बादलीत पाणी ओतत जायचं, ठोकळा हलला की किती मिली ओतलं ते बघायचं, झालं. फक्त रिकाम्या बादलीचं आणि ठोकळ्याचं वजन एकदा वाण्याच्या काट्यावर करून आणा. आमची बादली २५ ग्रॅम भरली आणि ठोकळा १२०. म्हणजे साबुदाण्यासकट ओढायचं वजन ६२० ग्रॅम. इथून पुढे मी जो प्रत्येक आकडा देईन त्यात बादलीचे २५ धरलेले आहेत.

मांडणी, आणि आमची पहिली माती

सनमायका असलेलं टेबल घ्या. आधी टेबल सपाट आहे का बघा, एक गोटी मधोमध ठेवा, पळाली तर ज्या बाजूला पळाली तिकडच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. मग टेबल आणि ठोकळ्याचा तळ ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करा. हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो आणि ती पटकन हात फिरवून मोकळी होतात, पण तळहाताचा तेलकटपणा लागला तरी आकडा १५-२० ग्रॅमने सहज हलतो.

ठोकळा टेबलावर, दोरा टेबलाच्या कडेवरून खाली, खाली बादली. दोरा एवढाच लांब ठेवा की बादली जमिनीपासून वीतभर वर राहील. हे आम्हाला नंतर सुचलं. पहिल्या वेळी बादली कमरेएवढ्या उंचीवर होती, ठोकळा सुटला तो थेट टेबलावरून खाली, साबुदाण्याचं पाकीट फुटलं आणि दुसऱ्या दिवशी संकष्टी. आईने काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पाकिटाला दोन रबरबँड लावून ते ठोकळ्यावर घट्ट बसवा.

आता खरी चूक. पहिल्यांदा आम्ही दोरा टेबलाच्या कडेवरून तसाच सोडला होता, आकडा आला २९०. मी म्हटलं ठीक आहे. भाची म्हणाली मामा दोरा पण टेबलाला घासतोय की, ते घर्षण आपण कुठे धरलं? मी पंधरा वर्षं या लाईनीत आहे आणि मला नाही सुचलं. रिळीत सायकलचा आरा घालून कप्पी केली, आऱ्याची दोन टोकं टेबलाच्या कडेबाहेर निघणाऱ्या दोन पट्ट्यांवर टेपने बांधली, आऱ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि तोच ठोकळा तसाच ओढला तर १९०. म्हणजे १०० ग्रॅम नुसता कोपराच खात होता. दोरा काटकोनात वळून कडेवर दाबला जातो, आणि जितकं जास्त वजन लटकवाल तितका जास्त दाबला जातो, विहिरीच्या खांबाला दोराचे दोन वेढे मारले की एक माणूस भरलेली बादली धरून ठेवतो ना, तोच प्रकार. तेव्हा कप्पीशिवाय हा प्रयोग करूच नका. कप्पीची उंची अशी ठेवा की ठोकळ्यापासून कप्पीपर्यंत दोरा टेबलाला समांतर राहील. तिरका वर गेला तर ठोकळा थोडा उचलला जातो, खाली गेला तर दाबला जातो, दोन्हीकडून आकडा खोटा.

कोरडा आकडा आधी

आता काहीही न लावता. अंदाजे १०० मिली पाणी आधीच ओतून ठेवा, मग सिरिंजने ५-५ मिली, कडेने हळू सोडायचं, वरून धार धरली तर धक्का बसतो. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबा. टेबलाला कुणी टेकायचं नाही, गल्लीतून टेम्पो गेला तरी थांबा. ठोकळा सुटून चालायला लागला की तो आकडा लिहा. असं पाच वेळा, पहिला सोडून द्या आणि उरलेल्या चारांची सरासरी. आमचे आले १८५, १९५, १९०, १९०.

१९० भागिले ६२० म्हणजे सुमारे ०.३१. याला घर्षणांक म्हणतात, म्हणजे वजनाच्या किती पट जोर लागतो ते. खात्री करायची असेल तर दुसरी पद्धत: कॅरम बोर्डाएवढा सनमायकाचा फळा घ्या, त्यावर ठोकळा ठेवा आणि एक बाजू हळूहळू उचला, ज्या कोनाला ठोकळा घसरतो तो कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजा. आमचा १७ अंशाला घसरला. फळा त्या जागी धरून उंची भागिले पाया केलं की तोच ०.३१ येतो. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला तेव्हा भाचीचा चेहरा बघण्यासारखा होता, आणि माझा पण असणार, कारण इतकं जुळेल असं मला वाटलं नव्हतं.

एक गोष्ट इथेच बघून घ्या. ठोकळा सुटला की तो थांबत नाही, उलट वेग घेतो, म्हणजे हलवायला जितका जोर लागला त्यापेक्षा हलता ठेवायला कमी लागतो. पहिलं ते स्थितिक घर्षण, दुसरं गतिज. चैत्रात कामदा एकादशीला आपल्याकडे रामरथ आणि गरुडरथ निघतात तेव्हा ज्यांनी दोराला हात लावलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको, रथ जागचा हलेपर्यंत खांदे निघतात आणि एकदा चाक फिरलं की मग ओढायचंच नाही तर आवरायचं पण असतं. घरी बघायचं तर बादलीत १६० ग्रॅमच ठेवा, ठोकळा उभा राहील, आता बोटाने हळूच टिचकी मारा. चालायला लागेल आणि चालतच राहील.

वजन आणि आकार

दुसरं साबुदाण्याचं पाकीट वर ठेवा, एकूण ११२०. आम्हाला लागले ३५०. वजन वाढलं त्याच प्रमाणात जोर वाढला. आता अर्ध्या रुंदीचा तुकडा घ्या, तो ६० ग्रॅमचा होईल, कमी पडलेले ६० ग्रॅम पिशवीत मूठभर साबुदाणा घालून भरून काढा म्हणजे एकूण परत ६२०. टेकणारा भाग निम्मा झाला, मग जोर पण निम्मा लागेल ना? घरातल्या सगळ्यांना विचारून बघा, सगळे हो म्हणतील. आमचा आकडा आला १९५. जवळजवळ तोच.

हे लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या शेवटी आपल्या वह्यांमध्ये नोंदवून ठेवलं होतं, पण त्या वह्या कुणी वाचल्याच नाहीत, आणि १६९९ मध्ये फ्रान्सच्या गिओम आमोंतोंने हेच नियम परत शोधले. पुढे १७८५ मध्ये कुलोंने, तोच विजेच्या नियमातला कुलोम, यावर सविस्तर प्रयोग केले. कारण असं की सनमायका हाताला कितीही गुळगुळीत लागला तरी बारीक पातळीवर तो टाकी लावलेल्या जात्यासारखाच असतो, खड्डे आणि उंचवटे. दोन पृष्ठभाग फक्त उंचवट्यांवर टेकतात. तुकडा निम्मा केला तर उंचवटे कमी झाले पण प्रत्येकावर दाब दुप्पट आला, ते जास्त चेपले आणि खरी टेकणारी जागा तेवढीच राहिली.

पण म्हणून घर्षण म्हणजे फक्त खरखरीतपणा असं मुलांच्या डोक्यात बसवू नका, पुस्तकातलं चित्र बघून तसंच वाटतं. आमच्या वर्कशॉपमध्ये मोजमापाला स्लिप गेज असतात, आरशासारखे घासलेले पोलादी ठोकळे, दोन एकमेकांवर दाबून सरकवले तर असे चिकटतात की उलटे धरले तरी पडत नाहीत. अतिगुळगुळीत झालं की पृष्ठभाग एकमेकांना धरतात. खरखरीत बाजू बघायची तर ८० नंबरचा पॉलिश पेपर टेबलावर चिकटवून त्यावर ठोकळा ओढा, आमच्याकडे ४०० च्या आसपास गेलं, पण ठोकळ्याच्या तळाला ओरखडे पडतात, त्यामुळे हा प्रयोग सगळ्यात शेवटी करा. आम्ही मध्येच केला आणि नवा तुकडा मागायला परत जावं लागलं.

पावडर आणि मेण

टेबलावर टाल्कम पावडर अगदी चिमूटभर, बोटाने पसरून, जवळजवळ दिसू नये इतकी. आकडा १३०. कॅरम खेळणाऱ्याला यात काय नवल. आता भाचीने काय केलं तर डबा उपडा करून बर्फ पडल्यासारखा थर दिला, तिला वाटलं आता ५० वर येईल. आला १६५. जाड थरात ठोकळा रुततो, पुढे पावडरीचा ढीग होतो आणि तो ढीगच ढकलत बसावं लागतं. (पावडर फुंकून उडवू नका, छातीत जाते. कॅरमची बोरिक पावडर असेल तर छोट्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका.)

मेण: सगळं नीट पुसून घ्या आणि ठोकळ्याच्या तळाला पांढरी मेणबत्ती घासा, मग कोरड्या फडक्याने चोळा. १२० आला, आणि मला हा प्रकार सगळ्यात आवडतो कारण तो सांडत नाही, उडत नाही, टिकतो. दप्तराची चेन अडकते तिच्या दातांवर मेणबत्ती फिरवून बघा, पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी ड्रॉवरच्या खाली घासून बघा.

तेल, ज्याच्यासाठी सगळं सुरू झालं

त्या पहिल्या सकाळी बाटलीतलं खोबरेल गोठलं होतं, नाशिकच्या थंडीत ते गोठतंच, साधारण २४ अंशाच्या खाली गेलं की घट्ट व्हायला लागतं आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहाच्या खाली जातं, निफाडकडे तर विचारूच नका. भाचीने चमच्याने खरवडून तो गोळा ठोकळ्याखाली थापला, नीट पसरवला, आणि ठोकळा हलेना. २०० झालं, २५० झालं, ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. ३१० ला सुटला. कोरड्याला १९० आणि तेलाला ३१०!

कारण कळल्यावर सोपं आहे. मध्ये जे घातलंय ते स्वतः सहज फाटलं पाहिजे, थरावरून थर घसरला पाहिजे. गोठलेलं तेल म्हणजे लोण्याचा गोळा, तो फाडायलाच जोर लागतो, आणि सगळ्या तळभर पसरलेला असल्याने तळाएवढा गोळा फाडावा लागतो. बाटली गरम पाण्यात धरून तेल पातळ केलं आणि ठोकळा पण थोडा कोमट करून परत लावलं तर लगेच फरक पडला. तरी थंड टेबलावर ते बघता बघता परत घट्ट होतं, म्हणून हिवाळ्यात शेंगदाण्याचं तेल घ्या, ते पातळच राहतं.

शेंगतेलाचे पाच थेंब, जास्त नाही. ठोकळा ठेवून लगेच दोरा लावला तर रिकाम्या बादलीनेच, म्हणजे २५ ग्रॅमला, चालायला लागला. पण कसा, गोगलगायीसारखा. कोरडा ठोकळा सुटला की धावतो, तेलातला रेंगाळतो. इथे "हलला" कधी म्हणायचं हाच प्रश्न पडतो, म्हणून तेलासाठी वेगळी मोजणी करा: एक वीत अंतर कापायला किती सेकंद लागले. मग बादलीत थोडं पाणी वाढवा, परत सेकंद मोजा. कोरड्यात एकदा सुटला की जोर वेगावर फारसा अवलंबून नसतो, तेलात उलट, जितका वेग हवा तितका जास्त जोर. आणि अर्ध्या रुंदीचा तुकडा तेलावर ठेवून लगेच ओढून बघा, इथे आकाराने फरक पडतो! आमोंतोंचे नियम कोरड्याचे, तेलाला लावू नका. हा भाग भाचीच्या वहीत दोन पानं आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात चांगली पानं आहेत.

आता ठोकळा तेलावर ठेवून दहा मिनिटं चहा प्या आणि मग ओढा. आम्हाला ९० लागले. वजनाने तेल हळूहळू बाजूला सरकतं आणि उंचवटे परत एकमेकांना भिडतात. रात्रभर उभं असलेलं मशीन सकाळी पहिल्यांदा फिरवताना जे कुरकुरतं त्यामागे हा प्रकार असतो, म्हणून आधी थोडं हळू फिरवून घ्यायचं असतं. आणि जास्त तेलाचं पण तेच, नवीन पोरं बेरिंगमध्ये ग्रीस ठासून भरतात, त्यांना वाटतं जास्त म्हणजे चांगलं, मग बेरिंग ग्रीस घुसळत बसतं आणि तापतं. बैलगाडीच्या आसाला वंगण लावणारे म्हातारे कधी ओंजळभर लावत नव्हते.

तेल फरशीवर सांडलं तर आधी त्यावर लाकडाचा भुसा किंवा जुनं पीठ टाका, मग गोळा करा, मग साबण. नुसतं पाणी मारू नका, फरशी आणखी निसरडी होते. पहिल्या पावसात रस्त्यावर महिनोन्महिने सांडलेलं ऑईल वर येतं आणि गाड्या घसरतात, ते आठवा.

गोट्या आणि मोहरी

बरणीचं पसरट झाकण उपडं, आत सात-आठ सारख्या मापाच्या गोट्या, इतक्या की झाकण टेबलाला न टेकता गोट्यांवर बसेल. त्यावर ठोकळा आणि पाकीट. आता दोरा ठोकळ्याला नाही, झाकणाला बांधा. रिकामी बादली लावली तर झाकण सूं करून कप्पीला जाऊन आपटलं. २५ ग्रॅमच जास्त झाले. मग बादलीऐवजी औषधाचं प्लास्टिकचं छोटं झाकण लटकवून त्यात सिरिंजने थेंब थेंब सोडले, ८ ते १० ग्रॅमला चाललं. १९० कुठे आणि १० कुठे. घासण्याऐवजी लोळणं आलं की खेळच बदलतो. गॅरेजमधून एक जुनं बेरिंग आणा, रॉकेल किंवा डिझेलने ते तुम्हीच धुवा, मुलांना देऊ नका, आणि बोटात धरून फिरवू द्या, आतल्या गोळ्या दिसतील. आम्ही लहानपणी बेरिंगची गाडी करून उतारावर गुडघे फोडायचो ती हीच.

स्वयंपाकघरात याच कामाची वस्तू म्हणजे मोहरी. टेबलावर एक थर मोहरी पसरा, वर ठोकळा. ३५-४० मध्ये जातो. साबुदाणा पण करून बघितला, तो मापाला सारखा नसतो त्यामुळे ठोकळा मोठ्या दाण्यांवर डगमगतो, ज्वारी त्याहून बरी. मोहरी करताना टेबलाच्या चारी कडेला टॉवेलची गुंडाळी लावा. आम्ही लावली नव्हती, आणि आई पाटावरून उठून दोन पावलं टाकते तोच तिच्या चपलेखाली मोहरी, नशीब हाताला दार लागलं. नंतर ती म्हणाली प्रयोग झाला तुमचा, आता झाडू.

ओली वाळू

हा तिसऱ्या रविवारचा. गल्लीत कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं, विचारून दोन घमेली वाळू आणा, चाळून उन्हात खडखडीत वाळवा. बुटांच्या मोठ्या खोक्याची एक बाजू कापून त्यात वाळू पसरा. इथे कप्पीऐवजी रबरबँड वापरा, दोऱ्याला रबरबँड बांधून शेजारी पट्टी धरायची आणि ओढताना तो किती सेंटिमीटर ताणला ते बघायचं.

कोरड्या वाळूत ठोकळा पुढे ढीग करत जातो, रबरबँड चांगला ताणतो. आता स्प्रेने थोडं पाणी मारून वाळू कालवा, सपाट करा, परत ओढा. असं करत जा. एका ठरावीक ओलीला वाळू घट्ट होते, किल्ला करायला लागते तशी, ढीग होत नाही आणि ताण बराच उतरतो. आणखी पाणी घातलं की परत चिखल आणि परत जड. इजिप्तमध्ये जेहुतिहोतेपच्या थडग्यातल्या चित्रात, जवळपास ३९०० वर्षांपूर्वीच्या, १७२ माणसं घसरगाडीवरचा प्रचंड पुतळा ओढतायत आणि गाडीच्याच पुढच्या टोकावर उभा एक जण वाळूवर पाणी ओततोय. बरीच वर्षं लोक म्हणायचे हा काहीतरी धार्मिक विधी असेल. २०१४ मध्ये अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी हाच, जवळजवळ तुमच्या खोक्यासारखाच, प्रयोग करून दाखवला की योग्य ओलीला ओढायचा जोर निम्म्यावर येतो. पाण्याचे थेंब वाळूच्या कणांना एकमेकांशी धरून ठेवतात.

हवेवर चालणारी सीडी

शेवटचा, आणि मुलांना फक्त हाच लक्षात राहतो. जुनी सीडी, सिपर बाटलीचं वर ओढून उघडायचं झाकण, फुगा. झाकण सीडीच्या भोकावर फेविक्विकने चिकटवा, हे मोठ्यांनी करायचं, आणि कडेने हवा निसटत नाही ना बघा. झाकण बंद करून त्यावर फुगवलेला फुगा चढवा, टेबलावर ठेवा, झाकण उघडा आणि बोटाने हलकेच ढकला. सीडी आणि टेबलाच्या मध्ये हवेचा पातळ थर येतो आणि सीडी तरंगत जाते, फुगा रिकामा होईपर्यंत. इथे पाण्याने मोजायला जाऊ नका, जोर इतका कमी लागतो की कप्पीचंच घर्षण जास्त भरतं. ढकलून किती लांब जाते ते मोजा, एकदा फुग्यासकट आणि एकदा फुग्याशिवाय. ख्रिस्तोफर कॉकरेलने हॉवरक्राफ्टची, म्हणजे अशाच हवेच्या थरावर चालणाऱ्या वाहनाची, कल्पना १९५५ मध्ये तपासली ती पण रिकामे पत्र्याचे डबे, हवेचा ब्लोअर आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊनच, आणि २५ जुलै १९५९ ला त्याचं एसआर-एन१ नावाचं हॉवरक्राफ्ट इंग्लिश खाडी पार करून गेलं. भाचीला यातलं वजनकाट्याचं फार आवडलं, "म्हणजे त्याची आई पण ओरडली असेल."

वहीत आम्ही तक्ता केला त्यात पदार्थ, किती घातला, थांबण्याचा वेळ, आकडा आणि सगळ्यात शेवटी तापमान, हा रकाना तिनेच वाढवला. खोबरेलासमोर डिसेंबरचा ३१० लिहिलाय आणि त्याच्या शेजारी एक चौकट रिकामी ठेवलीय. ठोकळा, रीळ, आरा आणि कापलेली बाटली बुटांच्या खोक्यात भरून माळ्यावर टाकलंय, खोक्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलंय, "मे महिन्यात उघडणे, मामाने विसरू नये."